मिनिटभर हात पाठीमागे

"डॉक्टरच्या बायकोला डॉक्टर नसतो, पोरी. गावात स्वतःसाठी एक शोधून ठेव, आणि घरच्या डॉक्टरला तुझ्या दुखण्याला हात लावू देऊ नकोस."

हे मला डोरीनने सांगितलं होतं. जुलैचा पहिला आठवडा, तळ्याकाठचा पार्क, आणि माझ्या हातात बटाट्याच्या सॅलडची प्लेट. आमच्या हॉस्पिटलात नव्या रेसिडेंट डॉक्टरांचं वर्ष जुलैत सुरू होतं आणि त्यांच्या कुटुंबांना असं एकदा जेवू घालतात. पुढे तीन वर्षं त्या कुटुंबांना जेवायला माणूस मिळणार नसतो, म्हणून असेल. डोरीन रेसिडेन्सीचं ऑफिस सांभाळते. कोण कुठल्या ड्युटीवर, कोणाची रजा, कोणाची बायको कितव्या महिन्यात, हे सगळं तिच्या डोक्यात असतं.

मी हसले. म्हटलं, "घरात फुकटचा असताना बाहेर कशाला शोधू?"

डोरीन हसली नाही. माझ्या प्लेटमध्ये तिने आणखी एक सॉसेज ठेवलं आणि म्हणाली, "सगळ्या हेच म्हणतात."

माझा नवरा ग्रॅडी ऑस्टिओपॅथीचा डॉक्टर आहे. औषधं, टाके, नळ्या हे सगळं इतर डॉक्टरांसारखंच, शिवाय हाडं आणि स्नायू हातांनी चाचपून मोकळे करायची विद्या. ती विद्या पुस्तकातून येत नाही, त्यासाठी माणूस लागतो आणि तो माणूस बहुतेक वेळा बायको असतो. आमच्या पहिल्या घरात जेवणाचं टेबल यायच्या आधी घडीचं तपासणीचं टेबल आलं. त्यावर तो माझ्या पाठीचे मणके मोजायचा आणि मग त्यावरच आम्ही सूप प्यायचो. कॉलेजात मी जीवशास्त्र शिकले होते, त्यामुळे मलाही त्यात रस होता. माझी बरगडी कुठे अडकते हे माझ्या आईला माहीत नसेल, पण ग्रॅडीच्या वर्गातल्या सहा पोरांना माहीत होतं.

आमच्या गावच्या हॉस्पिटलात इमर्जन्सीचे रेसिडेंट घडवतात त्या डॉ. ऑडेट. वय सासष्ट, केस पुरुषी कापलेले, चष्मा कायम कपाळावर. पोरं त्यांना बाई म्हणतात. बाईंचा एक नियम आहे. समोरचा माणूस रक्ताने माखलेला नसेल, श्वासासाठी तडफडत नसेल, तर त्याच्या पायथ्याशी उभं राहायचं, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि एक मिनिट नुसतं बघायचं. भिंतीवरच्या घड्याळाचं पूर्ण मिनिट. "तुमचे हात हुशार आहेत हे मला माहीत आहे," त्या म्हणतात, "म्हणूनच ते बांधायला सांगते. हात बोलायला लागले की डोळे गप्प बसतात."

ग्रॅडी घरी बाईंची नक्कल करायचा. चष्मा कपाळावर, हात मागे, डोळे वटारलेले. मी हसून हसून वाकायचे. पण ड्युटीवर तो ते मिनिट चुकवत नसे. घरी मात्र दार उघडलं की आधी त्याचे हातच पुढे यायचे.

त्याच्या दुसऱ्या वर्षी, जानेवारीत, आयडा झाली.

मी मुळातच काळजी करणारी. आयडा झोपली की मी तिचे श्वास मोजायचे. किती वाजता प्यायली, कुठल्या बाजूने, शी कुठल्या रंगाची, सगळं वहीत. दर गुरुवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत तिला मांडीवर घेऊन मी एक फोटो काढायचे आणि आधीच्या फोटोशी ताडून बघायचे. गाल भरले का, मान उजवीकडेच का कलते, डोक्याची एक बाजू चपटी होतेय का. पहिल्या महिन्यात मी तिला घेऊन दोनदा इमर्जन्सीत गेले. एकदा उचकी थांबेना म्हणून आणि एकदा शी हिरवी झाली म्हणून. दोन्ही वेळा पोरगी ठणठणीत निघाली.

ग्रॅडीच्या बरोबरचा बून म्हणून एक आहे, त्याला गप्प बसणं माहीत नाही. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "लिनेया, तुझ्या नावाने एक बेड राखूनच ठेवतो आम्ही. वर पाटी लावू."

मी हसले, पण ते लागलं. म्हणून फेब्रुवारीत एका बुधवारी माझी मान दुखायला लागली तेव्हा मी कुठे बोलले नाही. डाव्या बाजूला, जबड्याखालून कानामागे आणि तिथून डोळ्याच्या मागे. ठणका असा नाही, पण कोणीतरी आतून बोट दाबून धरल्यासारखं. ग्रॅडीच्या ड्युट्या चालू होत्या. शनिवारी तो घरी आल्यावर त्याला सांगितलं.

"पाजताना मान वाकवून बसतेस, दुसरं काय," तो म्हणाला, आणि टेबल उघडलं.

त्याचे हात चांगले आहेत, हे मी आजही म्हणेन. हलके, गरम, घाई नसलेले. तासभर बरं वाटलं. मग पुन्हा तेच. पुढच्या दहा दिवसांत त्याने चार वेळा मान मोकळी करून दिली. दोनदा तो म्हणाला, "एक झटका देतो, कट्‌ म्हणेल आणि सुटेल." दोन्ही वेळा त्याने माझं डोकं हातांत घेतलं आणि दोन्ही वेळा आयडा किंचाळत उठली.

"हिला बापाचा धंदा बघवत नाही," तो म्हणाला. मी उठून तिला घेतलं आणि झटका राहिला.

त्यानंतरचा मंगळवार ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासांच्या आदल्या दिवसाचा होता. आमच्याकडे त्या दिवशी पाँच्की खातात. मुरंबा भरलेले, तळलेले, मुठीएवढे गोळे. पोलिश लोकांनी आणले, पण आता सगळ्यांचेच झालेत. बेकरीसमोर पहाटेपासून रांग लागते. रेसिडेंटांचा शिकवणीचा वारही मंगळवारच, त्यामुळे दोन डझन पाँच्की न्यायची पाळी ग्रॅडीची होती. त्याने ती आदल्या दिवशीच सांगून ठेवली होती, सकाळी आणली आणि ओट्यावर विसरून गेला.

मी आयडाला गाडीत बांधलं आणि निघाले.

दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत चौदा रेसिडेंट, चार घडीची टेबलं आणि फळ्यावर मानेचं चित्र. मी दारात खोकं दाखवलं तर टाळ्या पडल्या. डोरीनने आयडाला माझ्याकडून जवळजवळ ओढूनच घेतलं.

बाई वैतागलेल्या होत्या. ज्या विद्यार्थ्याच्या मानेवर धडा घ्यायचा तो फ्लूने पडला होता. "मला एक मान हवी आहे," त्या म्हणाल्या. "दुखणारी असेल तर उत्तम."

"लिनेयाची घ्या ना, बाई," ग्रॅडी म्हणाला. तोंडात पाँच्की होतीच. "दहा दिवस अडकलीय. मी रोज सांगतो झटका देऊ दे, पण पोरगी परवानगी देत नाही."

मी नाही म्हणू शकले असते. पण चौदा जण बघत होते आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, इतक्या हातांतून एक तरी ती गाठ सोडवेल. मी टेबलाच्या कडेला बसले.

"तू बाजूला हो, ग्रॅडी. एझ्रा, तू ये."

एझ्रा पहिल्या वर्षाचा. टर्कीपालन करणाऱ्या घरातला, बुजरा, कान लाल. त्याने पुढे येऊन हात उचलले.

"हात," बाई म्हणाल्या.

त्याने ते पाठीमागे बांधले. काटा फिरायला लागला. स्वतःकडे असं बघू देणं विचित्र असतं. मी आधी खिडकीकडे बघितलं, मग माझ्या बुटांकडे.

"बाई, मुरंबा गळतोय," बून मागून म्हणाला. "मिनिट फार मोठं झालंय हो."

"तुझ्या बोलण्यापेक्षा लहानच आहे. एझ्रा, काय दिसतं?"

एझ्राने घसा साफ केला. "यांचा डावा डोळा लहान आहे."

खोलीत हशा उसळला. "सात आठवड्यांचं पोर आहे रे तिला," बून म्हणाला, "तिचे दोन्ही लहानच असणार!" ग्रॅडी हसला. मीही हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. "पडदे ओढा," त्या म्हणाल्या. "दिवे घालवा."

अंधारात त्या माझ्या इतक्या जवळ आल्या की कॉफीचा वास आला. खिशातल्या बॅटरीचा उजेड बाजूने आला, गेला, पुन्हा आला.

"उजवी बाहुली अंधारात मोठी झाली," त्या संथपणे म्हणाल्या. "डावी झाली नाही. दिवे लावा. लिनेया, दुखतं कुठे ते एका बोटाने दाखव."

मी जबड्याखालून डोळ्यामागेपर्यंत बोट नेलं.

"हिच्या मानेला कोणी हात लावायचा नाही. कोणीही. व्हीलचेअर आणा." आणि मग, त्याच आवाजात, फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या: "बाळंत होऊन सात आठवडे. एकाच बाजूची मान दुखते. त्याच बाजूची पापणी उतरलेली, बाहुली लहान. काय असेल?"

आयडाचं चुकचुक अंगठा चोखणं तेवढं ऐकू येत होतं.

"गळ्यातली रक्तवाहिनी," ग्रॅडी म्हणाला. तो आवाज मी ओळखला नाही. "मेंदूला जाणारी. डोळ्याची नस तिला चिकटूनच जाते. आतून फाटली असेल."

"आणि अशा मानेला झटका दिला तर?"

ग्रॅडीने हातातली पाँच्की टेबलावर ठेवली. उत्तर त्याला येत होतं: लकवा, नाहीतर मरण.

व्हीलचेअर बूनने ढकलली. लिफ्टमध्ये तो एक शब्द बोलला नाही, आणि त्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटली.

"काहीतरी बोल ना रे."

"काय बोलू?" त्याच्या हनुवटीला पिठीसाखर लागली होती. "बेड राखून ठेवतो म्हणालो होतो ना? चुकलं माझं."

खाली सगळं भराभर झालं. सुई, रक्त, मानेच्या स्कॅनसाठी शिरेतून सोडायचा रंग. माझ्या डोक्यात एकच. "तो रंग दुधात उतरेल का? आयडाला आता पाजायचं नाही का?"

"पाज खुशाल," नर्स म्हणाली. "तिचं काही बिघडत नाही. तुला स्वतःबद्दल काही विचारायचंय का?"

मी विचारलं, आयडाला खाली कोण आणतंय?

ग्रॅडी माझ्या मॉनिटरची बटणं दाबायला गेला तेव्हा बाईंनी त्याचं मनगट धरलं. "आत्ता तू डॉक्टर नाहीस. नवरा आहेस. नवरे त्या खुर्चीत बसतात."

तो बसला. स्कॅन झालं होतं, निकाल यायचा होता. पडद्यापलीकडे कोणीतरी मोडलेल्या बोटावरून भांडत होतं. ग्रॅडी आपल्या हातांकडे बघत होता, जणू ते दुसऱ्या कोणाचे असावेत.

"चार वेळा," तो म्हणाला. "मी चार वेळा हात लावला. माझ्यानेच फाटली असेल तर?"

"असं नको बोलू."

"दोनदा झटका देणार होतो, लिनी. ती रडली नसती तर..."

त्याच्याकडे बघवत नव्हतं. आणि तरी माझ्याही मनात तोच प्रश्न होता, तो मी नाकारत नाही. ज्या हातांत मी आठ वर्षं डोकं ठेवून निजले, त्यांच्याबद्दल. मरण्याच्या भीतीइतकाच तो मला टोचत होता. जगले वाचले तरी त्या हातांखाली पुन्हा कधी सैल होता येईल का?

मग मला फोटो आठवले.

फोन काढला. सात गुरुवार, सात फोटो, तीच खुर्ची, तीच खिडकी, तोच उजेड. आयडाचे गाल मी त्यात इतक्या वेळा मोठे करून बघितले होते की ते पाठ होते. त्यांच्या वर माझं तोंड होतं, ते एकदाही बघितलं नव्हतं. पहिल्या पाच फोटोंत माझे दोन्ही डोळे सारखे. सुजलेले, पण सारखे. सहाव्यात डावी पापणी खाली. थोडीशीच. एकदा दिसल्यावर न दिसणं शक्य नव्हतं. सातव्यात तशीच.

मी फोन बाईंच्या हातात दिला. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मागे गेल्या, पुढे आल्या.

"हा गुरुवारचा. म्हणजे मागच्याच्या मागचा. दुखायला कधी लागलं?"

"बुधवारी. आदल्या दिवशी."

"ग्रॅडी, तू पहिला हात कधी लावलास?"

"शनिवारी."

"नक्की?"

"मी ड्युटीवर होतो, बाई. डोरीनकडे लिहिलेलं आहे. शनिवारी घरी गेलो."

बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. "पापणी गुरुवारी उतरलेली आहे. तू शनिवारी आलास. म्हणजे ही सुरुवात तू केलेली नाहीस."

ग्रॅडीने दोन्ही तळवे तोंडावर दाबले.

"पण तू बघितलंही नाहीस," बाई म्हणाल्या. रागाने नाही. "दहा दिवस समोरासमोर बसून जेवलास. इथे अनोळखी माणसाला तू एक मिनिट देतोस, ते तिला दिलं नाहीस. काय केलंस ते कुठे लिहून ठेवलं होतंस का?"

"घरी कोण लिहितं, बाई."

"तेच म्हणते मी."

निकाल यायला आणखी वीस मिनिटं लागली. ती मी आयडाला पाजण्यात घालवली. डावी रक्तवाहिनी आतल्या अस्तराला फाटली होती, पण तिच्यातून मेंदूकडे रक्त जात होतं, आणि मेंदू साफ होता. कुठेही डाग नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं, दोन दिवस इथेच राहा, रोज अ‍ॅस्पिरिनची गोळी घे, मान झटकू नकोस, जड उचलू नकोस, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. बाळंतपणानंतर क्वचित होतं असं, ते म्हणाले. वेळेवर कळलं तर बहुतेक वेळा भरून येतं.

"बाळ जड यात येतं का?" मी विचारलं.

"बाळ नाही. बाळाची ती गाडीतली खुर्ची येते. ती नवऱ्याला उचलू दे."

तेव्हा मला रडू फुटलं. मोठ्याने, नाक वाहेपर्यंत, पलीकडचा बोटवाला भांडायचा थांबला इतकं. खांद्यांवरून कोणीतरी पोतं उतरवून घेतल्यासारखं वाटत होतं. पोतं होतं हेच मला आधी ठाऊक नव्हतं.

डोरीन आली. मी वाट बघत होते, आता म्हणेल, सांगितलं होतं की नाही? ती तसं काही म्हणाली नाही. कागदी रुमालातून तिने एक चेपलेली पाँच्की काढली. "प्लमची आहे. रास्पबेरीच्या सगळ्या बूनने खाल्ल्या, घाबरला की खातो तो." मी ती गार, चिकट पाँच्की दोन घासांत संपवली. इतकं गोड मी आजवर काही खाल्लेलं नाही.

एझ्रा पडद्याच्या कडेला उभा होता, हात पाठीमागेच.

"तुला कसं दिसलं रे ते?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "आमच्याकडे शेडमध्ये पाच हजार टर्की असतात. आजारी पक्षी हातात धरून कळत नाही, फडफडतोच तो. लांब उभं राहिलं की कळतो."

मे महिन्यातल्या स्कॅनमध्ये रक्तवाहिनी भरून आली होती. पापणी त्याच्याही आधी वर गेली होती. नक्की कुठल्या गुरुवारी ते मी फोटोत बघून सांगू शकते. ग्रॅडीचे हात महिनाभर माझ्यापासून लांब राहिले. मग एका रविवारी मीच त्याचा हात ओढून माझ्या खांद्यावर ठेवला. दुखत काही नव्हतं, म्हणूनच. तपासणीचं टेबल आता आयडाच्या कपड्यांच्या घड्या घालायला आहे. गावात माझी स्वतःची डॉक्टर आहे, आणि तिच्याकडे माझ्या नावाची फाईल आहे, जाड.

आणि घरी आल्यावर ग्रॅडी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो. हात मागे. मला त्याचा वैताग येतो, भाजी करपते, पोरगी रांगत पायात येते.

"काय बघतोस?"

"गप्प. अजून वीस सेकंद आहेत."

या जुलैत पुन्हा तळ्याकाठी जेवण झालं. पुन्हा सॉसेज, पुन्हा सॅलड. पहिल्या वर्षाच्या एका रेसिडेंटची बायको, कॉरिन तिचं नाव, सातवा महिना, टम्म पोट. डोरीनने तिला तेच सांगितलं, आणि पोरगी खदखदून हसली. "घरात फुकटचा आहे ना मला!" मी तिला माझी सगळी गोष्ट सांगितली. तिने ऐकली, हळहळली, पोटावर हात फिरवला आणि म्हणाली, "पण माझं काही दुखत नाही हो." मी म्हटलं, मी दर शनिवारी येऊन बघणार. ती अजूनही हसते, पण दार उघडते.

तुमच्याही ओळखीत अशी कोणी असेल. डॉक्टरची बायको, नर्सची आई, औषधाच्या दुकानदाराची बहीण. जिचा इलाज घरच्या घरी चालतो, आणि कुठेच लिहिलेला नसतो. तिला फोन करू नका, फोनवर सगळ्या ठणठणीतच असतात. आज जाऊन या. काहीतरी गोड न्या, म्हणजे ती बसेल. तिला विचारा, तुला शेवटचं तपासलं कोणी, कुठल्या वारी? आणि ती उत्तर शोधत असेल तेवढा वेळ तुमचे हात पाठीमागे बांधा आणि तिच्याकडे एक मिनिट नीट बघा.